पानात शिरलेल्या प्रकाशाचं पुढे काय होतं? स्पेक्ट्रोस्कोपी आणि प्रकाशसंश्लेषणातलं ऊर्जा वहन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकाशसंश्लेषणात 'ऊर्जा वहन' म्हणतात ते नेमकं काय?

शाळेत आपण एक समीकरण पाठ करतो. एका बाजूला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि प्रकाश, दुसऱ्या बाजूला साखर आणि ऑक्सिजन. मधल्या बाणात काय काय घडतं ते मात्र बहुतेकांना कधी कळतच नाही. त्यातला अगदी पहिला टप्पा असा: प्रकाश शोषला जातो एका रेणूत, पण त्याच्या जोरावर इलेक्ट्रॉन सुटतो दुसऱ्याच ठिकाणी. या दोन ठिकाणांमधला प्रवास म्हणजे ऊर्जा वहन.

हरितद्रव्याचे बहुतेक रेणू स्वतः कुठलीही रासायनिक अभिक्रिया करत नाहीत. ते अँटेनाचं काम करतात. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, टिपायचा आणि मिळालेली ऊर्जा शेजाऱ्याकडे सोपवायची. अशी हातोहात ती अभिक्रिया केंद्रापर्यंत पोचते, तिथल्या खास हरितद्रव्यांमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि मग रसायनशास्त्र सुरू होतं. हा सगळा प्रवास काही पिकोसेकंदांपासून काहीशे पिकोसेकंदांत आटोपतो. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोसेकंद. फेमटोसेकंद त्याच्याही हजाराव्या भागाएवढा.

बहुतेक रेणू नुसते अँटेना असतात, हे कळलं कसं?

एका साध्या पण अत्यंत विचारपूर्वक केलेल्या प्रयोगातून. १९३२ साली रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम अरनॉल्ड यांनी क्लोरेला या हिरव्या शैवालावर प्रकाशाचे अतिशय छोटे, प्रखर झोत टाकले आणि प्रत्येक झोतामागे किती ऑक्सिजन सुटतो ते मोजलं. झोत इतका प्रखर होता की प्रत्येक हरितद्रव्य रेणूला काम मिळायला हवं होतं. प्रत्यक्षात ऑक्सिजनच्या एका रेणूमागे हरितद्रव्याचे सुमारे २,५०० रेणू भरले. म्हणजे एवढे रेणू मिळून एकच काम करत होते. १९३६ मध्ये गाफ्रोन आणि वोल यांनी याचा अर्थ लावला: शेकडो रेणू ऊर्जा गोळा करतात आणि ती एका केंद्राकडे पोचवतात.

अशी रचना का, याचं उत्तर हिशोबात आहे. भर उन्हातसुद्धा हरितद्रव्याच्या एका रेणूवर सेकंदाला जेमतेम दहाएक फोटॉन टिपण्याची वेळ येते. प्रत्येक रेणूमागे स्वतंत्र अभिक्रिया केंद्र असतं, तर ती महागडी यंत्रणा बहुतेक वेळ रिकामी बसली असती.

रेणूकडून रेणूकडे जातं तरी काय? प्रकाश की इलेक्ट्रॉन?

दोन्ही नाही. एक रेणू प्रकाश सोडतो आणि दुसरा तो पकडतो, असं चित्र अनेक जण मनात धरतात. ते चुकीचं आहे. हस्तांतर होताना मध्ये फोटॉन तयारच होत नाही. इलेक्ट्रॉनही जागचा हलत नाही. जाते ती फक्त उत्तेजित अवस्था, म्हणजे प्रकाश शोषून रेणूत आलेली जास्तीची ऊर्जा.

एकाच दोरीला शेजारी शेजारी टांगलेले दोन झोके डोळ्यांपुढे आणा. एकाला झोका दिला की थोड्या वेळाने तो मंदावतो आणि दुसरा आपोआप डोलू लागतो. दोघांची लय जुळत असेल तर हे सहज घडतं. थिओडोर फर्स्टर यांनी १९४० च्या दशकात याचं गणित मांडलं. त्यानुसार हस्तांतराचा वेग अंतराच्या सहाव्या घातानुसार घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की वेग ६४ पटींनी कमी. वनस्पतींच्या अँटेनामध्ये शेजारच्या हरितद्रव्यांमधलं अंतर बऱ्याच ठिकाणी १ नॅनोमीटरच्या आसपास असतं. सगळ्या रचनेचं मर्म या जवळिकीत आहे. मात्र रेणू इतके जवळ आले की फर्स्टरचं सूत्र अपुरं पडू लागतं, कारण मग 'हा रेणू उत्तेजित, तो शांत' असा भेदच धूसर होतो. त्याबद्दल पुढे.

यात स्पेक्ट्रोस्कोपीचा संबंध कुठे येतो?

स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे एखादा पदार्थ कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषतो किंवा सोडतो ते मोजणं. उत्तेजित झालेल्या रेणूपुढे मोजक्या वाटा असतात. ऊर्जा कामाला लागते, उष्णता होऊन विरते, किंवा लाल प्रकाश होऊन बाहेर पडते. या बाहेर पडणाऱ्या प्रकाशाला फ्लुओरेसन्स म्हणतात. मराठी पुस्तकांत अनुस्फुरण किंवा प्रतिदीप्ती असे शब्द भेटतात. तिन्ही वाटांची बेरीज ठरलेली आहे. म्हणून एक वाट नीट मोजली की बाकीच्या दोन वाटांबद्दलही बोलता येतं. या क्षेत्रातल्या निम्म्याअधिक प्रयोगांमागे हाच विचार आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पालकाची चार पानं अल्कोहोलमध्ये ठेचा, गाळून घ्या आणि अंधाऱ्या खोलीत त्या हिरव्या द्रावणावर अतिनील टॉर्च मारा. द्रावण गडद, रक्तासारखं लाल दिसेल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टॉर्च बंद-चालू करून चार वेळा खात्री केली होती. तोच टॉर्च अख्ख्या पानावर मारला तर लाली जवळजवळ दिसत नाही, कारण जिवंत पानात शोषलेल्या प्रकाशापैकी एक-दोन टक्केच फ्लुओरेसन्स होऊन बाहेर येतो. रेणू तेच. द्रावणात ते एकमेकांपासून दूर तरंगतात, ऊर्जा द्यायला जवळ कुणी नसतं, म्हणून ती प्रकाश होऊन बाहेर पडते. पानात मात्र ती घ्यायला कुणीतरी उभा असतो.

हाच धागा धरून १९५२ साली लुई डुइसेन्स यांनी आपल्या प्रबंधात दाखवलं की प्रकाश एका रंगद्रव्यात शोषला गेला तरी फ्लुओरेसन्स दुसऱ्याच रंगद्रव्यातून येतो. ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचा हा थेट पुरावा होता.

इतक्या कमी वेळात घडणारी गोष्ट मोजतात कशी? एवढा वेगवान कॅमेरा असतो का?

काही पिकोसेकंदांपर्यंत स्ट्रीक कॅमेरा नावाचं उपकरण पोचतं. त्याहून जलद घटनांसाठी कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र पुरं पडत नाही. मग प्रकाशालाच घड्याळ करावं लागतं.

पद्धतीचं नाव पंप-प्रोब. लेझरच्या एका स्पंदाचे दोन भाग करायचे. पहिला, पंप, नमुन्याला उत्तेजित करतो. दुसरा, प्रोब, थोड्या उशिराने येतो आणि त्या क्षणी नमुना काय काय शोषतोय ते टिपतो. हा उशीर घडवायचा कसा? प्रोबला लांबच्या वाटेने पाठवून. प्रकाश १ फेमटोसेकंदात ०.३ मायक्रोमीटर चालतो. टेबलावर एका सरकत्या पट्टीवर आरसे बसवलेले असतात. ते १५ मायक्रोमीटर मागे सरकवले की जाऊन-येऊन वाट ३० मायक्रोमीटरने वाढते आणि प्रोब १०० फेमटोसेकंद उशिरा पोचतो. एवढं सरकणं डोळ्यांना कळतही नाही. पट्टी एक पाऊल मागे घ्या, मोजा, पुन्हा एक पाऊल, पुन्हा मोजा. अशी शेकडो मापनं एकापुढे एक ठेवली की घटनेचा चलत्पट तयार होतो.

या कल्पनेचं मूळ नॉरिश आणि पोर्टर यांच्या फ्लॅश फोटॉलिसिसमध्ये आहे; त्यांना १९६७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच वर्षी आयगेन यांनाही. फेमटोसेकंदांपर्यंत ती नेल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ साली नोबेल मिळालं.

आलेखात प्रत्यक्ष काय दिसतं?

एक उदाहरण जवळून बघू. जांभळ्या जिवाणूंमध्ये एलएच२ नावाचं अँटेना प्रथिन असतं. १९९५ मध्ये त्याची रचना उलगडली आणि पाहणारे थक्क झाले. ज्या जिवाणूतून ते घेतलं होतं, त्याच्या प्रथिनात बॅक्टेरिओक्लोरोफिलची, म्हणजे जिवाणूंमधल्या हरितद्रव्याची, दोन वर्तुळं आहेत. एकात ९ रेणू सुटे सुटे, दुसऱ्यात १८ रेणू एकमेकांना जवळजवळ चिकटून. ९ चं वर्तुळ ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतं, १८ चं ८५० नॅनोमीटरचा. रेणू मात्र दोन्हीकडे एकच, आणि तो प्रथिनाबाहेर काढून साध्या द्रावकात ठेवला तर ७७० नॅनोमीटरच्या आसपास शोषतो. शेजार बदलला की रंग बदलतो. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर सत्य विचाराल तर हेच सांगेन.

आता ८०० नॅनोमीटरचा पंप मारा. शून्य वेळेला ८०० वरचं शोषण एकदम घटतं, कारण तिथले काही रेणू आधीच उत्तेजित झालेले असतात. आलेखात तिथे खड्डा पडतो. मग आरशांची पट्टी सरकत जाते तसा तो खड्डा भरत जातो आणि ८५० वर नवा खड्डा खोल होत जातो. एकाचं भरणं आणि दुसऱ्याचं खोल होणं एकाच गतीने चालतं, १ पिकोसेकंदापेक्षा थोड्या कमी वेळात. ऊर्जा इथून निघाली आणि तिथे पोचली, हे असं समोर दिसतं.

ऊर्जा उलटी का जात नाही?

जाते, पण क्वचित. ८०० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे १.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ८५० च्या फोटॉनची १.४६. फरक ०.०९. सामान्य तापमानाला रेणूंच्या उष्ण थरथरीतून मिळणारी ऊर्जा ०.०२५ च्या आसपास, म्हणून हा चढ कधीमधीच चढता येतो. वनस्पतींमध्ये अँटेना आणि अभिक्रिया केंद्र मिळून बनलेल्या दोन प्रकाशप्रणाली असतात. त्यातल्या प्रकाशप्रणाली-१ मध्ये तर ७०० नॅनोमीटरच्याही पलीकडे शोषणारी काही हरितद्रव्यं आहेत, म्हणजे ती अभिक्रिया केंद्राच्या खालच्या पायरीवर बसलेली. तिथून ऊर्जा उष्णतेच्या आधाराने वर चढते आणि तरीही ती प्रणाली जवळजवळ प्रत्येक फोटॉन कामाला लावते.

द्विमितीय स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे काय?

पंप-प्रोबमध्ये एक अडचण राहते. पंप अगदी छोटा केला की त्याच्यात अनेक रंग मिसळतात. हा निसर्गनियमच आहे. मग वेळ नेमकी कळते, पण ऊर्जा कुठून निघाली ते कळत नाही. द्विमितीय पद्धतीत तीन स्पंद वापरतात, त्यांच्यामधली अंतरं काटेकोरपणे बदलतात आणि गणिताने रंग पुन्हा वेगळे काढतात. हाती येतो एक नकाशा: एका अक्षावर शोषलेला रंग, दुसऱ्यावर नंतर दिसलेला रंग. कर्णावरचे ठिपके म्हणजे जागच्या जागी असलेली ऊर्जा. कर्णाबाहेरचा ठिपका म्हणजे या दोन अवस्थांचा एकमेकांशी संबंध आहे. प्रतीक्षेचा वेळ वाढवत नेला की कुठला ठिपका कधी उगवतो ते दिसतं. २००५ मध्ये ग्रॅहम फ्लेमिंग यांच्या बर्कलीतल्या गटाने हिरव्या गंधक जिवाणूंच्या एफएमओ प्रथिनावर ही पद्धत वापरली, आणि तिथून या विषयाने वेगळंच वळण घेतलं.

झाडं क्वांटम संगणकासारखी वागतात, असं वाचलं. खरं आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, म्हणून सविस्तर उत्तर देते.

२००७ साली त्याच गटाने एफएमओवर उणे १९६ अंश सेल्सिअसला, म्हणजे ७७ केल्विनला, प्रयोग केला. नकाशावरचे ठिपके कालांतराने कमीजास्त होत होते, लयीत, सहाशेहून अधिक फेमटोसेकंद. याचा अर्थ असा लावला गेला की ऊर्जा एकाच वेळी अनेक वाटांवर लाटेसारखी पसरते आणि सर्वोत्तम वाट शोधते. २०१० मध्ये असेच ठोके, म्हणजे लयीतले चढउतार, सामान्य तापमानाच्या जवळ, एफएमओमध्ये आणि क्रिप्टोफाइट शैवालातही दिसले. बातम्यांनी ते उचललं आणि 'पानात क्वांटम संगणक' हे वाक्य रूढ झालं.

पुढच्या दहा वर्षांत मापनं सुधारली, गणितं सुधारली. रेणूंची स्वतःची कंपनंही असेच ठोके देतात, आणि ती दीर्घकाळ टिकतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एफएमओमधली इलेक्ट्रॉनिक सुसंगती, म्हणजे अनेक रेणूंवर पसरलेल्या त्या लाटेची जुळलेली लय, सामान्य तापमानाला ६० फेमटोसेकंदांच्या आसपासच टिकते असं आढळलं. वाटा शोधण्याइतका तो वेळ नाही. २०२० मध्ये या क्षेत्रातल्या अनेक संशोधकांनी मिळून एक आढावा लिहिला: दिसलेले दीर्घ ठोके प्रामुख्याने कंपनांचे आहेत, आणि ऊर्जा वहनाला त्यांची गरज नाही.

मग क्वांटम काहीच नाही का? आहे, आणि ते ठोस आहे. एलएच२ च्या १८ रेणूंच्या वर्तुळात उत्तेजित अवस्था एका रेणूवर बसत नाही, ती अनेक रेणूंवर पसरते. ८५० नॅनोमीटर हा रंग याच पसरण्यातून येतो, आणि पुढच्या हस्तांतराचा वेगही त्यावर ठरतो. हे निव्वळ क्वांटम वागणं आहे. मला वाटतं, यात कुणाची फजिती झाली असं समजणं अन्यायाचं आहे. २००७ चं मापन खरं होतं. त्याचा अर्थ लावायला दहा वर्षं आणि अधिक चांगले प्रयोग लागले. विद्यार्थ्यांना मी हा इतिहास मुद्दाम शिकवते, कारण आलेखात दिसणारी लाट कशाची आहे हे विचारायची सवय त्यातून लागते.

प्रयोगशाळेतला लेझर आणि ऊन यांत फरक नाही का?

आहे, आणि शंका रास्त आहे. लेझरच्या स्पंदात असंख्य फोटॉन एकदम येतात. एकाच अँटेनात दोन रेणू एकाच वेळी उत्तेजित झाले तर ते एकमेकांना गिळतात. याला परस्परविलोपन म्हणू. त्यामुळे क्षय खोटाच जलद दिसतो. म्हणून पंपची तीव्रता कमी करत जायचं आणि उत्तर बदलेनासं होईपर्यंत थांबायचं नाही, हा पहिला नियम.

२०२३ मध्ये बर्कलीतल्याच संशोधकांनी याचं सुरेख उत्तर दिलं. एका वेळी एकच फोटॉन एलएच२ ला देऊन, बाहेर येणारा एकच फोटॉन त्यांनी मोजला. एक फोटॉन पुरतो, हे आपण सगळे धरून चाललो होतो. ते तेव्हा प्रत्यक्ष दिसलं.

नमुना कुठला घेतात? थंड का करतात?

पालकाच्या पानातली हरितलवकं, शैवाल, जिवाणू, किंवा त्यांच्यातून वेगळं केलेलं एखादंच प्रथिन. सामान्य तापमानाला शोषणाच्या पट्ट्या एकमेकींत मिसळून जातात. द्रव नायट्रोजनच्या थंडीत त्या अरुंद होतात, सुट्या होतात. ७७ केल्विनला पानाच्या फ्लुओरेसन्समध्ये प्रकाशप्रणाली-२ ची शिखरं ६८५ आणि ६९५ नॅनोमीटरला दिसतात आणि प्रकाशप्रणाली-१ चं ७३५ च्या आसपास. ऊर्जा दोघांत कशी वाटली जाते, ते या शिखरांच्या उंचीवरून कळतं. गोठवताना भरपूर ग्लिसरॉल घालावं लागतं, नाहीतर बर्फाला तडे जातात आणि प्रकाश सगळीकडे विखुरतो.

आणखी एक, स्वतःच्या अनुभवातून. सुरुवातीच्या काळात मी नमुना न ढवळता एकाच जागी लेझरखाली ठेवला होता. संकेत हळूहळू घटत होता आणि दोन दिवस मी त्यात नवी प्रक्रिया शोधत होते. नमुना जळत होता, एवढंच. तेव्हापासून प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर साधा शोषण वर्णपट घेऊन दोन्ही एकावर एक ठेवून बघते. जुळले नाहीत तर त्या दिवसाची मापनं बाद.

ऊर्जा वहन इतकं कार्यक्षम, मग पिकांची कार्यक्षमता एवढी कमी कशी?

दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. टिपलेला फोटॉन अभिक्रिया केंद्रापर्यंत पोचवण्यात निसर्ग फार तरबेज आहे. निरोगी, अंधारात ठेवलेल्या पानात प्रकाशप्रणाली-२ ची कमाल कार्यक्षमता, जिला एफव्ही/एफएम म्हणतात, ०.८३ च्या आसपास भरते. पण सूर्यप्रकाशातली निम्म्याहून अधिक ऊर्जा पानाला वापरता न येणाऱ्या तरंगलांबींत असते, पुढे साखर बनवताना तूट येते, श्वसनात खर्च होतो. सगळं जमेस धरून सौर ऊर्जेचं जैवभारात रूपांतर जास्तीत जास्त ४.६ टक्के (गहू-भातासारख्या सी३ वनस्पती) ते ६ टक्के (मका-उसासारख्या सी४ वनस्पती) होऊ शकतं असा हिशोब आहे. शेतात ते याहून बरंच कमी असतं.

ऊन फार झालं तर?

तेव्हा पान ऊर्जा मुद्दाम उष्णतेत उडवतं. न उडवली तर हरितद्रव्य दीर्घायुषी ट्रिप्लेट अवस्थेत जातं आणि त्यातून घातक, क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो. व्हायोलाझँथिन या रंगद्रव्याचं झिअॅझँथिन या दुसऱ्या रंगद्रव्यात रूपांतर होणं आणि पीएसबीएस हे प्रथिन, ही या झडपेची मुख्य अंगं. फ्लुओरेसन्सच्या आयुर्मानावरून, म्हणजे तो किती वेळ टिकतो त्यावरून, झडप उघडी आहे की बंद ते कळतं. अडचण अशी की ढग आला तरी झडप पटकन बंद होत नाही, आणि तेवढा वेळ ऊर्जा वाया जाते. २०१६ मध्ये तंबाखूच्या रोपांत ही बंद होण्याची क्रिया जनुकीय बदलाने जलद केली, तेव्हा शेतातल्या रोपांचं कोरडं वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं.

हिरवा प्रकाश वाया जातो ना?

नाही. पान हिरवं दिसतं कारण हिरवा त्यातल्या त्यात कमी शोषला जातो. तरी बराचसा हिरवा प्रकाश पानात उलटसुलट विखुरत शेवटी शोषला जातोच, आणि तोही आतल्या थरांपर्यंत पोचून.

हे अवकाशातून मोजता येतं का?

येतं. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात काही बारीक काळ्या रेषा असतात. पानांचा फ्लुओरेसन्स त्या रेषा किंचित भरून काढतो, आणि ते भरणं उपग्रहाला जाणवतं. कार्बन डायऑक्साइड मोजायला सोडलेल्या गोसॅट उपग्रहाच्या मापनांतून २०११ मध्ये असे पहिले जागतिक नकाशे निघाले. नंतर २०१४ चा ओसीओ-२ उपग्रह आणि २०१७ ला गेलेलं ट्रोपोमी उपकरण यांनी ते बारकाईने काढले. पान हिरवं असूनही तहानलेलं असू शकतं. रंगात ते उशिरा दिसतं, फ्लुओरेसन्समध्ये लवकर.

महागडा लेझर नसताना विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

कौट्स्की परिणामापासून. १९३१ सालचा आहे आणि आजही तितकाच शिकवणारा. एक पान वीस मिनिटं पूर्ण अंधारात ठेवा. निळा एलईडी, पानापुढे निळा अडवणारा लाल फिल्टर आणि त्यामागे फोनचा कॅमेरा, एक्स्पोजर कुलूपबंद करून. एलईडी लावताच पान मंद लाल उजळतं, सेकंदाभरात शिखर गाठतं, कारण पुढची यंत्रणा अजून जागी झालेली नसते आणि ऊर्जेला वाट मिळत नाही. मग काही मिनिटांत ती लाली ओसरत जाते. चित्रफितीतल्या प्रत्येक चौकटीतली लाल तीव्रता काढून वेळेपुढे मांडा. नंतर तेच पान फक्त दोन मिनिटं अंधारात ठेवून पुन्हा करा आणि दोन्ही वक्र एकाच कागदावर काढा.